माझ्या भिंतीवरची रापण

मी जहाजाच्या पोटातली खोली बोलतेय. मला खिडकी नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे तोंड वाकडं करायचं ते आत्ताच करून घ्या. सान्तोस बंदरातून उन्हाळ्यात छोट्या सफरी निघतात, दोन-तीन रात्रींच्या. त्यासाठी माणसं मला घेतात आणि दार उघडल्यावर सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असतं, "जाऊ दे, झोपायलाच तर यायचंय."

माझा जन्म समुद्रावर झाला नाही. कारखान्यात मला भिंती, छत, न्हाणीघर, आरसा सगळं लावून डब्यासारखं तयार केलं आणि अर्ध्या बांधलेल्या जहाजात सरकवून दिलं. तेव्हा आत गेले ती गेलेच. ऊन मी पाहिलेलं नाही. पण डोकं वापरलं तर भिंतीआडूनही पुष्कळ कळतं. यंत्रांच्या धडधडीवरून मी वेग ओळखते, कपाटातले हँगर हलतात त्यावरून वारा. हे मला कुणी शिकवलं नाही. शिकवायला होतं कोण?

माणसंही मी अशीच शिकले. दिवा मालवला की माझ्यात मिट्ट काळोख. भर दुपारी जागी होऊन न्याहारीला धावणारी माणसं मी पाहिलीत. एकाने मला शवपेटी म्हटलं आणि त्याच शवपेटीत तो असा घोरला, की शेजारच्या खोलीने भिंत ठोकली.

मला कुणी हौसेने घेत नाही. उरते, स्वस्त पडते, म्हणून घेतात. मुद्दाम मागून घेतलं ते एका बाईने. तिचीच गोष्ट सांगायची आहे.

झुल्मीरा तिचं नाव. बुटकी, काटक, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी. बरोबर नवरा, आर्जेमीरो. साओ सेबास्तियांवच्या पुढे किनाऱ्याला लागून एक जुनी मच्छीमार वस्ती आहे, तिथली ही माणसं. मागोमाग त्यांची मुलगी इवोनी तणतणत आत आली. ती साओ पावलोला नोकरी करते. आईबापांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून ही सफर तिनेच भेट दिली होती.

"आई, मी वर माझ्या शेजारची खोली घेतली होती तुमच्यासाठी. गच्चीवाली. आणि तू परस्पर फोन करून ही घेतलीस?"

"हो."

"का पण?"

"समुद्र आयुष्यभर बघितला. कंटाळा आलाय."

"आणि बाबांना?"

"त्यालाही आलाय."

बाबा पलंगावर बसून बूट काढत होते. काढले, आणि पुन्हा घालायला लागले.

"निदान संध्याकाळी तरी माझ्या गच्चीत बसू दे त्यांना. आपल्याच गावावरून जाणार आहे जहाज."

"नाही म्हटलं ना."

"हट्टी आहेस तू. मैत्रिणींना काय सांगू, आईबापांना तळघरात ठेवलं?"

"सांग. तुझ्या मैत्रिणींना तेवढंच बोलायला होईल."

मुलगी गेली तशी झुल्मीराने एक गोष्ट केली जी आजवर कुणी केली नव्हती. माझ्या एका भिंतीवर शोभेचा पडदा आहे. तो तिने बाजूला सारला, मागची भिंत बोटांनी ठोकून पाहिली, आणि तिच्या तोंडून सुटकेचा श्वास निघाला. मग खुर्ची ओढून दाराला टेकवली.

"बघ म्हाताऱ्या," ती नवऱ्याला म्हणाली, "घरी तू पाण्यात शिरलास की शेजारी धावतात. इथे जहाजाच्या कठड्यावरून गेलास तर कोण धावेल? आणि पोरीला कळलं तर ती तुला म्हाताऱ्यांच्या आश्रमात टाकेल. तेव्हा चार दिवस गप्प बसायचं. ऐकलंस?"

"भरती कधी आहे?" आर्जेमीरोने विचारलं.

तेव्हा मला कळलं मी कशाला हवी होते. माझ्यातून कुणी समुद्रात पडू शकत नाही, एवढ्याचसाठी. सांगते तुम्हाला, मला त्याचा अभिमान वाटला.

संध्याकाळी तिघं माझ्यातच कॉफी पीत बसली. आर्जेमीरोला सकाळचं आठवत नव्हतं, पण जुनं विचारलं की तो न अडखळता बोलायचा. तो वस्तीचा टेहळ्या होता. थंडीत दक्षिणेचा वारा सुटला की तिथे बोय माशांचे थवे किनाऱ्याला येतात. टेहळ्या खडकाच्या टोकावर उभा राहून पाणी बघतो. पाणी एका जागी काळवंडलं की शर्ट काढून डोक्यावर गरगर फिरवतो, आणि अख्खी वस्ती हातातलं टाकून रापणीचं मोठं जाळं दोरीने किनाऱ्यावर ओढायला धावते. दोरीला हात लावेल त्याला वाटा. टेहळ्याला दुप्पट.

"आणि जाळ्याचं पोट वाळूला लागेपर्यंत टेहळ्याने जागा सोडायची नाही," तो म्हणाला. "आई मेली तरी नाही. नजर हलली की थवा गेला."

"एवढं बोलतात बाबा," इवोनी म्हणाली, "आणि तू म्हणतेस त्यांना समुद्राचा कंटाळा."

तिने टीव्ही लावला. जहाजाच्या पुढच्या बाजूला उंचावर एक कॅमेरा आहे. तो पुढचा उघडा डेक आणि समोरचं पाणी दिवसरात्र दाखवतो. आवाज नसतो, नुसतं चित्र. बिनखिडकीच्या माणसांची तेवढीच खिडकी.

"घ्या बाबा, तुमचा समुद्र. आई, एवढं तरी चालेल?"

झुल्मीराने थोडा विचार केला. "राहू दे. चित्रातून कुणी पडत नाही."

तिथे ती चुकली. मीही चुकले, कारण मलाही ते पटलं.

रात्र नीट गेली. पहाटे झुल्मीरा न्हाणीघरात शिरली आणि पाण्याचा आवाज सुरू झाला. आर्जेमीरो उठून बसला. माझ्यात गार हवा सोडतात, त्याच्या दंडावर काटा होता. समोर चित्रात उजाडत होतं. डोंगराची एक सोंड पाण्यात उतरली होती आणि तिच्या पुढे पाणी एका जागी काळं दिसत होतं. ढगाची सावली असेल. तो पुढे वाकला. त्याचा चेहराच बदलला. माझ्यात इतक्या माणसांनी आरसा पाहिलाय, पण म्हातारा माणूस एका क्षणात असा तरुण झालेला मी पाहिला नव्हता.

त्याने खुर्ची उचलली आणि आवाज न करता बाजूला ठेवली.

माझं दार आतून कुणालाही उघडता येतं. आग लागली तर माणसं कोंडली जाऊ नयेत म्हणून तसं केलंय. ते जड आहे, एवढीच माझी ताकद. त्याने ते एका खांद्याने ढकललं.

झुल्मीरा ओल्या केसांनी बाहेर आली आणि खुर्ची पाहून जागीच थांबली. त्याच वेळी इवोनी दारात आली. "चला, न्याहारीला. बाबा कुठे आहेत?"

झुल्मीरा टीव्हीकडे बघत होती. चित्रात पुढच्या डेकवर एक माणूस कठड्याला लागून असलेल्या लोखंडी पेटीवर चढत होता. त्याने शर्ट काढला. डोक्यावर फिरवायला लागला.

"आई, ते बाबा आहेत. आई, काय करतायत ते?"

"बोय आलीय म्हणून सांगतोय."

"कसली बोय? भर उन्हाळ्यात, फेब्रुवारीत?"

"त्याला काय माहीत फेब्रुवारी? दोन वर्षं झाली, त्याला मी कोण तेही कधी कधी माहीत नसतं." झुल्मीराने चपला घातल्या नाहीत. "फोन लाव. सांग, कुणी त्याच्या अंगावर जाऊ नका, धरू नका. धरायला गेलं तर तो आणखी वर चढेल." आणि ती गेली.

इवोनीने फोन लावला. "हॅलो, पुढच्या डेकवर एक माणूस आहे, शर्ट काढलेला. हो, तोच. माझे वडील. नाही, प्यायलेले नाहीत. आजारी आहेत. त्यांना हात लावू नका, ऐकताय ना?"

मग आम्ही दोघी बघत राहिलो. माझ्याच भिंतीवर, आवाजाशिवाय. सुरक्षेची दोन माणसं हात पसरून हळूहळू पुढे येत होती. आर्जेमीरोने एक पाय कठड्याच्या वरच्या दांडीवर ठेवला. शर्ट फिरतच होता. त्याला रापण ओढायला कुणी येताना दिसत नसावं, म्हणून तो आणखी उंच व्हायला बघत होता. इवोनीने तोंडावर हात दाबला.

झुल्मीरा चित्रात आली. मला वाटलं ती त्याच्याकडे धावेल. ती गेली नाही. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती डेकच्या मधोमध उभी राहिली, पाय फाकले, दोन्ही मुठी आवळल्या आणि मागे मागे चालत ओढायला लागली. हातात काहीच नव्हतं.

"काय करतेय ही?" इवोनी पुटपुटली. मग तिला कळलं. "रापण. अगं आई."

एक सुरक्षारक्षक तिला आवरायला गेला. झुल्मीराने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि त्याचे हात धरून आपल्या मागे दोरीला लावले. तो बावळटासारखा ओढायला लागला. दुसराही लागला. मग आंघोळीच्या झग्यातली एक जाडी बाई आली. एकाने कॉफीचा कप खाली ठेवला आणि मुठी आवळल्या. बघता बघता मोठी रांग झाली. सगळे रिकामी हवा ओढत मागे मागे चालत होते, आणि जहाज पुढे चाललं होतं.

आर्जेमीरोचा शर्ट थांबला. तो त्यांच्याकडे बघत राहिला. पाण्याकडे बघितलं. पुन्हा रांगेकडे. पाय अजून दांडीवरच होता.

झुल्मीरा खाली बसली आणि दोन्ही हातांनी डेक थापटला. जाळ्याचं पोट वाळूला लागलं होतं.

त्याने दांडीवरचा पाय काढला. पेटीवरून उतरला, जपून, म्हातारा माणूस उतरतो तसा, आणि बायकोच्या शेजारी जाऊन दोरीला हात घातला. इवोनी माझ्या जमिनीवर बसली आणि मोठ्याने रडली. मी तिला रडू दिलं.

दोघं परत आली तेव्हा आर्जेमीरोच्या अंगावर कुणाचा तरी कोट होता.

"ही खोली फार गार आहे," झुल्मीरा म्हणाली. "थंडी वाजली, त्याला वाटलं हंगाम आला." मग तिने टीव्ही बंद केला आणि मुलीसमोर उभी राहिली. "आता बोल काय बोलायचं ते. कुठल्या आश्रमात टाकायचं तेही सांग."

इवोनी काही बोलायच्या आत आर्जेमीरो पलंगावर वाटे मांडायला बसला. चादरीवर एक इथे, एक तिथे. चादर कोरीच होती. "हा झुल्मीराचा. हे दोन माझे." त्याने मान वर केली. "पोरी, तू लावलास हात दोरीला?"

"नाही बाबा. मी इथेच होते."

"मागे राहतात त्यांचाही असतो." त्याने दोन्ही हातांत धरल्यासारखं काहीतरी तिच्यासमोर केलं. "घे. घट्ट धर, बोय निसटते फार."

इवोनीने ओंजळ पुढे केली. त्याने ठेवलं. तिने बोटं मिटली आणि तो झोपेपर्यंत ती ओंजळ तिने सोडली नाही.

"वरच्या खोलीत जा आता, दमलीस," झुल्मीरा म्हणाली.

"वरची राहू दे. गादी आणते, इथे खाली झोपेन. दाराशी."

आश्रमाचा शब्द दोघींपैकी कुणी पुन्हा काढला नाही. पुढचं त्यांनी काय ठरवलं, मला माहीत नाही. सान्तोसला दार बंद झालं की माणसं माझ्यातून संपतात.

आता हंगाम सरलाय. जहाज दुरुस्तीला उभं आहे, यंत्रं गप्प आहेत, माझ्या गाद्या काढून नेल्यात. आतल्या खोल्या पाडून कोठार करणार असं बाहेर कुणी बोलत होतं. करू देत. पण तोवर माझं एक ऐका. तिकिटाच्या रांगेत तुमच्या पुढे एखादी म्हातारी "आतली द्या, बिनखिडकीची" म्हणाली, तर हसू नका. आणि मोठं मन करून तिला समुद्रावरची मिळवून देऊ नका. ती विचार करून आलेली असते. तिने मागितली ती द्या.