पैलवानाच्या दंडातली नळी

मी एक जुनी नळी आहे. जुनी म्हणजे काय, कामाचे दिवस अवघे अकरा, बाकी सगळी वर्षं या काचेच्या बाटलीत. शिकाऊ डॉक्टरांच्या वर्गातल्या कपाटात मी असते. जाडी विचाराल, तर जाड दोऱ्याएवढी.

कारखान्यातून मी पाकिटात बंद होऊन आले. पाकीट उघडलं ते एका काचपेटीजवळ. आत नऊशे ग्रॅमचं बाळ होतं, दिवस भरायच्या आधीच आलेलं. सिस्टर त्याला पैलवान म्हणायच्या. त्याची शीर काही केल्या सापडेना. चौथ्या प्रयत्नात डॉक्टर मॅडमनी मला त्याच्या दंडातून थेट हृदयाजवळ नेलं. मग त्याचं सारं पोषण माझ्यातूनच जाऊ लागलं. त्याची आई रोज काचेतून मलाच बघत बसायची.

"हिच्या जिवावर आहे हो माझं लेकरू, सिस्टर," ती म्हणायची. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

नवव्या दिवशी पैलवान मलूल झाला. रक्तात बुरशी निघाली. औषध लगेच सुरू झालं, दुसऱ्या हाताच्या एका बारीक शिरेतून; पोषण पेलण्याइतकी ती नव्हती.

सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, नळी काढायला हवी. बुरशी तिलाच धरून बसली असणार."

"पोषणासाठी पुन्हा अशी शीर कुठून शोधू? एवढासा हात, किती टोचायचं त्याला? दोन दिवस बघू."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. बाळाला सोडून मला जायचं नव्हतं. औषध त्याच्या रक्तात फिरत होतं आणि बुरशी माझ्या अंगावर थर करून आरामात बसली होती. तिथे औषधाचं काही चालेना. अकराव्या दिवशी पुन्हा तीच बुरशी निघाली. बाळ मधूनच श्वास घ्यायचं विसरू लागलं.

मॅडमनी मला काढलं. "तुमचंच खरं होतं, सिस्टर," एवढंच त्या बोलल्या.

औषध चालूच राहिलं. मला काढल्यानंतर चौथ्या दिवशी रक्त स्वच्छ आलं आणि पुढे दोन महिन्यांनी पैलवान घरी गेला. हे मला इथे, या वर्गात कळलं. दरवर्षी मॅडम बाटली उचलून नव्या डॉक्टरांना सांगतात, "मला दया आली म्हणून मी दोन दिवस घालवले. पोर वाचलं, ते त्याच्या नशिबानं."

मग वर्ग रिकामा होतो. कपाट बंद होतं. पैलवान आता शाळेत जात असेल. मी कोण, हे त्याला ठाऊकही नसेल, आणि मला त्याची फार आठवण येते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालंच, तर माझ्यासारखीला वेळेवर काढा. ती कितीही घट्ट धरून बसली, तरी काढा.