दोघांच्या हातची नोंद

समाजाच्या मंडळाचा वधू-वर परिचय मेळावा रविवारवर आला होता, आणि धम्मशीलाच्या नावापुढे पुन्हा 'इच्छुक' आलं होतं.

बुलडाण्यातल्या एका लहानशा कॉम्प्युटर कंपनीत ती वेब पेज बनवायची. मंडळाचं पेजही तिनंच बनवलेलं. मोबाइल नंबर टाकला की घरच्या मुलाची किंवा मुलीची नोंद उघडायची; शिक्षण, पत्ता, अपेक्षा, काही बदलायचं असेल तर बदलून 'जतन करा' दाबायचं, की ते कुठल्या कुठं दूरच्या सर्व्हरवर डेटाबेसमध्ये जाऊन बसायचं. मंडळाच्या हेलपाट्यांतून लोक सुटले, म्हणून सचिव प्रेमानंदकाका चारचौघांत तिचं नाव घ्यायचे.

स्वतःच्या नोंदीत तिनं 'सध्या इच्छुक नाही' लिहिलं होतं. मेळाव्याच्या यादीत नावापुढे ते बदललेलं दिसलं. तिनं दुरुस्त केलं, ते परत बदललं. तिच्याशिवाय ती नोंद फक्त बाबांच्या नंबरवरून उघडायची. मोताळ्याला घरी जाताना एसटीत बसली की ती फोन काढून यादीत तेवढंच बघायची. राजूरच्या घाटात रेंज जायची, तरी तिचं बोट स्क्रीनवर मागे-पुढे फिरतच असायचं.

बाबांना विचारणं सोपं होतं, पण ती विचारत नव्हती. मागच्या वर्षी तिला बघायला आलेल्या मलकापूरच्या पाहुण्यांनी चहा पिता पिता सांगितलं, की मुलीला नोकरी सोडावी लागेल. तेव्हा बाबा, शंकरराव, कपात बघत बसले. नाही म्हटलं ते तिनंच. तेव्हापासून बापलेकीत जेवायला चला, लाइट गेली, एवढंच बोलणं उरलं होतं.

बुधवारी एसटीतच प्रेमानंदकाकांचा फोन आला.

"शीला, अमडापूरच्या अन्नपूर्णाबाई रविवारी मेळाव्याच्या आधी तुमच्या घरीच येतो म्हणतात. त्यायच्या पोराले तुह्यी नोंद पसंत हाये. मी या म्हणलं."

मोताळ्याला उतरून ती घरी गेलीच नाही. बाजाराच्या कडेला शंकररावांचं शिलाईचं दुकान होतं, तिथं जाऊन उभी राहिली.

"बाबा, माह्यी नोंद काऊन बदलून राह्यले तुम्ही?"

शंकरराव पँटची शिवण उसवत होते. त्यांनी मान वर केली नाही. "आन् तू पुसून राह्यली, ते?"

"मी काय पुसलं?"

"मी लिहलेलं. दरखेपेले लिहतो, दरखेपेले प्रेमानंद सांगतो का ओळच नाही. तूच पुसतं. बापाचं बोलणं नसन पायजे, तर तोंडावर सांगाचं."

"काय लिहलं होतं तुम्ही?"

त्यांनी खिशातून फोन काढून मशीनवर ठेवला. पेज उघडंच होतं. एकदा उघडलं ते त्यांनी कधी बंदच केलं नव्हतं. अपेक्षेच्या चौकटीत ओळ होती: 'मुलगी लग्नानंतरही काम करणार. पटत असेल तरच फोन करावा.' आणि खाली, तिनं केव्हाच बदललेलं, 'इच्छुक'.

धम्मशीला स्टुलावर बसली. पेज चालवायला तिनं लिहिलेली स्क्रिप्ट पेज उघडताना अख्खी नोंद आणायची, आणि जतन करताना बदललेली ओळ तेवढी नाही, अख्खी नोंदच परत पाठवायची. बाबांनी आपली ओळ लिहिली, की त्या ओळीबरोबर त्यांच्या फोनमधलं जुनं 'इच्छुक' जायचं. तिनं ऑफिसात उघड्याच ठेवलेल्या पेजवरून ते बदललं, की तिथली रिकामी अपेक्षा त्यांच्या ओळीवर जाऊन बसायची.

"पुसलं मीच," ती म्हणाली. "पण मले दिसलंच नाही. चूक माह्या कामात हाये, बाबा. तुमची नाही."

शंकररावांनी कात्री खाली ठेवली. "मंग तू पुसलं नाही मुद्दाम?"

"नाही."

त्यांनी पँट बाजूला सरकवली. पण त्यावर थांबायला तिला सवड नव्हती, कारण आता दुसरंच डोक्यात शिरलं होतं. अशी नोंद एकट्या तिचीच कशी असेल? घराघरांत दोन-दोन फोनवरून लोक हात घालत होते. कुणाचं लग्न जमलं असेल, कुणी पत्ता बदलला असेल, आणि मागून भावानं फोटो बदलला की सगळं जुनं परत.

तिनं प्रेमानंदकाकांना फोन लावून सगळं सांगितलं.

"सगळ्या नोंदीयची पुस्तिका छापाले गेली, बाई."

"थांबवा काका. सगळ्या घरी फोन करून नोंद बरोबर हाये का विचारा लागन."

"लोकं काय म्हणतीन?"

"माह्यं नाव सांगा."

तिनं तिथंच कापडाच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप उघडला आणि स्क्रिप्ट बदलायला घेतली. आता जेवढं बदललं तेवढंच सर्व्हरवर जाईल, आणि मधल्या वेळेत तीच ओळ दुसऱ्या कुणी बदलली असेल तर पेज आधी ती दाखवेल. काम अवघड नव्हतं, पण तिची बोटं चुकत होती. लिहिलेलं खोडावं लागत होतं. जे आधीच पुसलं गेलं, ते तर कशानंही परत येणार नव्हतं.

शेवटी तिनं आपलं 'सध्या इच्छुक नाही' पुन्हा टाकलं आणि बाबांना पेज नव्यानं उघडायला लावलं. त्यांनी एकेक अक्षर शोधत ओळ लिहून जतन केली. 'सध्या इच्छुक नाही' जागचं हललं नाही. शंकरराव ते वाचत राहिले.

"औंदा नाहीच म्हणतं?"

"नाही, बाबा."

त्यांना ते पटलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. तरी चष्मा पुसून त्यांनी प्रेमानंदकाकांकडून अन्नपूर्णाबाईंचा नंबर घेतला आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन फोन लावला.

"जय भीम, अन्नपूर्णाबाई. मोताळ्याहून शंकरराव बोलून राह्यलो. रविवारी येऊ नका... नाही, पोरीले काही झालं नाही. तिचं मन नाही सध्या." ते थांबले. पलीकडची बाई बरंच काही बोलत असावी. "हो. बरोबर हाये तुमचं. पण मी तिच्यावर जबरदस्ती नाही करत."

आत येऊन ते आपल्या जागी बसले. "लय बोलली ते."

"बोलणारच."

विचारायच्या पहिल्या घरांचे नाव-नंबर मंडळाकडून तिच्या फोनवर आले होते. धम्मशीलानं वरचा नंबर लावला आणि रिंग वाजत असताना उभी राहून दुकानात येरझारा घालू लागली.