खरा ताप

लक्ष्मीकांत टेंभेकरांना वर्षभर वाटत होतं, की आपली मुलगी नाटकं करते. उत्तरेतल्या एका शहरात, मानक नगर या वस्तीतल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेत ते इंजिनिअर होते. प्रणिता बी.एस्सी.ला. परीक्षा जवळ आली की तिला ताप यायचा. तसा तो एरवीही यायचा, पण परीक्षेच्या वेळचाच त्यांच्या लक्षात राहायचा.

"शंभर म्हणजे काही ताप नव्हे," ते म्हणायचे. "एवढ्यानं कुणी मरत नाही."

आलमबागच्या एका डॉक्टरांनी टायफॉइड म्हटलं, दुसऱ्यांनी टीबीच्या गोळ्या दिल्या आणि नंतर बंद केल्या. डास चावला की तिच्या हातावर मोठा फोड यायचा, फुटून काळी खपली धरायचा. आई, लता, खाजवते म्हणून रागवायची. मार्च २०११मध्ये लक्ष्मीकांतांनी तिला तापातच स्कूटरवर बसवून पेपरला नेऊन सोडलं. ती बाकावरच कोसळली.

हॉस्पिटलमध्ये भेटायला मृणाल खापर्डे आली. मूळची सोलापूरची, त्याच शहरातल्या महानगर नावाच्या वस्तीत राहणारी, एका सरकारी प्रयोगशाळेत विषाणूंवर काम करणारी. मराठी मंडळाच्या गणपतीत टेंभेकरांशी ओळख झालेली. प्रणिताच्या हातावरच्या खपल्या बघून ती बोलता बोलता थांबली.

"हे डास चावल्याचे?"

"हाँ मावशी. चावला की तापही येतो. पापा को लगता है, मैं बहाने बनाती हूँ."

मृणालने डॉक्टरांशी बोलून रक्ताची एक नळी आपल्या प्रयोगशाळेत मागवून घेतली. डास चावून असे फोड आणि ताप येणं हे क्वचित एका विषाणूचं लक्षण असतं, हे तिला ठाऊक होतं. एप्स्टाइन-बार नावाचा हा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि जन्मभर मुकाट पडून राहतो. रक्तात शोधला तर सापडत नाही, सापडलाच तर नावापुरता. प्रणिताच्या रक्तात तो लाखांनी होता. यंत्रातच काही गडबड असेल म्हणून मृणालने चाचणी पुन्हा लावली. आकडा तोच आला.

तिने तो टेंभेकरांना वॉर्डातच सांगितला. विषाणू झोपलेला नाही, वाढतोय, आणि ज्या पेशींनी त्याला आवरायचं त्यांच्यातच घुसलाय, हेही सांगितलं. लता रडू लागली. लक्ष्मीकांत भिंतीला टेकून उभे राहिले. प्रणिताच्या चेहऱ्यावर मात्र हसू आलं.

"देखा पापा? मैं झूठ नहीं बोल रही थी."

वर्षभरात तिला इतकं हलकं वाटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. लक्ष्मीकांत बाहेर जाऊन जिन्यात बसले.

स्टेरॉइड सुरू झाल्यावर ताप उतरला, आकडाही खाली आला. आता दर महिन्याला रक्ताची नळी घेऊन लक्ष्मीकांत स्वतः प्रयोगशाळेत यायचे आणि निकाल लागेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. आकडा कमी आला की अमरावतीला भावाला तिथूनच फोन लावायचे. प्रणिता पुन्हा कॉलेजला जाऊ लागली. ऑक्टोबरमध्ये तिला बरं वाटत होतं, भूकही लागत होती, आणि त्याच महिन्यात आकडा दसपटीनं वर गेला.

"पण ती बरी दिसते हो," लक्ष्मीकांत म्हणाले.

"आत्ता दिसते. पण हे बरं लक्षण नाही. दिल्लीच्या ज्या डॉक्टरांना मी रिपोर्ट पाठवले, त्यांचं म्हणणं आहे, की आता दुसऱ्याची अस्थिमज्जा बसवण्याशिवाय उपाय नाही. उशीर करू नका."

"तिला या वेळचा आकडा सांगू नका, मृणालताई. कमी आलाय म्हणा."

"ती मलाच विचारते. तिला खोटं सांगणं मला जमणार नाही."

प्रणिताने त्याच संध्याकाळी फोन केला. मृणालने खरं ते सांगितलं. मग प्रणिता म्हणाली, "अच्छा. पापा को अकेला मत छोड़िएगा."

प्रणिता एकुलती एक. आई-वडील दोघांच्याही अस्थिमज्जेचा तिच्याशी मेळ अर्धाच बसत होता. पूर्ण मेळाचा दाता शोधायला सुरुवात झाली. कुणी सापडायच्या आधीच डिसेंबरमध्ये ताप चढला तो उतरलाच नाही. यकृत गेलं, रक्त गोठेना. थंडीत, दाट धुक्याच्या एका सकाळी ती गेली.

पुढे फेब्रुवारीत लक्ष्मीकांत महानगरला मृणालच्या घरी आले. दाढी वाढली होती. चहा समोर ठेवला तरी त्यांनी हात लावला नाही.

"एकच विचारायचं होतं," ते म्हणाले. "वर्षभर आधी तुमच्याकडे आणली असती, तर?"

मृणालला त्यांना काय ऐकायचं आहे ते कळत होतं. काहीच फरक पडला नसता, एवढं म्हणाली असती तर ते जरा तरी झोपू शकले असते.

"दाता शोधायला वेळ मिळाला असता," ती म्हणाली. "वाचली असती का, हे मला सांगता येत नाही."

लक्ष्मीकांतांनी मान हलवली. मृणाल गेटपर्यंत सोबत आली. त्यांना स्कूटरची किल्ली लावता येईना, तेव्हा तिने ती त्यांच्या हातातून काढून घेतली, गल्लीच्या तोंडाशी जाऊन रिक्षा बोलावली आणि मानक नगरपर्यंत त्यांच्या शेजारी बसून गेली.