दार कुणी उघडलं?

चष्म्याच्या दुकानात चौदा वर्षं लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलल्यावर तिने घरं विकायचं ठरवलं, तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, "तुझ्या जिभेवर साखर आहे, विकशील." नवऱ्याचं हे एक बरं होतं. त्याला बस चालवता येत होती आणि बायकोच्या कामात नाक न खुपसणंही येत होतं. ऑफिसात सगळे तिला चष्मेवाली म्हणू लागले. ती स्वतः चष्मा लावत नव्हती, पण पडलेलं नाव कुठे उचलता येतं?

पहिले सात महिने नुसती पायपीट झाली. लोक घर बघायचे, नळ सोडून बघायचे, खिडक्या उघडून बघायचे, "कळवतो" म्हणायचे आणि गायब व्हायचे. आठव्या महिन्यात चढावरचं जुनं घर ऐंशी लाखांना गेलं. गिऱ्हाईक तिचं होतं, नवराबायको, दोघेही शिक्षक. दोन टक्के दलाली म्हणजे एक लाख साठ हजार. त्यातले निम्मे ऑफिसचे, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे ऐंशी हजार राहतात. तिने तीनदा गुणाकार केला, तिन्ही वेळा ऐंशीच आले आणि बाईसाहेबांचे हवेतले इमले भराभर उभे राहिले.

इमला तसा लहानच होता, दोन खोल्यांचा. आई दादाकडे राहत होती. तिथे बोळात घडीची खाट टाकून झोपायची आणि सकाळी कुणी उठायच्या आत ती खाट घडी करून दाराआड ठेवायची. चष्मेवाली राहत होती ती एकच खोली, त्यात ती, नवरा आणि दोन मुली. आईला आणायचं तर आणखी एक खोली हवी. तशी जागा मिळाली होती आणि मालकाला शनिवारपर्यंत तीस हजार अनामत द्यायची होती. तिने आईला फोन करून सांगूनही टाकलं होतं, "शनिवारी तुला न्यायला येते." आपल्या लोकांना पैसे हातात पडेपर्यंत धीर निघत नाही, तो तिलाही निघाला नाही.

गुरुवारी हिशेबाच्या बाईंनी तिला बोलावलं आणि लिफाफा पुढे सरकवला. तिने तिथेच उघडला. चेक बारा हजारांचा होता.

"बाई, हा दुसऱ्या कुणाचा आलाय."

"तुमचाच आहे," बाई म्हणाल्या. बाई बोलताना समोर बघत नसत. "दलाली एक साठ. त्यातली निम्मी घरमालकाच्या एजंटची."

"त्याला मालक वेगळे पैसे देत नाही?"

"नाही. दलाली एकच, दोघांत वाटायची. राहिले ऐंशी. त्यातले चाळीस ऑफिसचे."

तरी चाळीस म्हणजे अजून तीसच्या वर होते. ऑफिसात बसायचं खुर्चीभाडं महिन्याला हजार, ते आठ महिन्यांचं तुंबलेलं, म्हणजे आठ गेले तरी बत्तीस हातात पडतील. अनामत भागली असती. नवा पंखा नको, जुनाच चालवू, असंही तिने तेवढ्यात ठरवून टाकलं.

"मग बारा कसे?"

बाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. "त्या घराचं दार कुणी उघडलं?"

तिला प्रश्नच कळला नाही. मग त्या दिवशीचं सगळं डोळ्यांपुढे आलं. शिक्षक नवराबायको उन्हात उभे होते. कुलूप गंजलेलं, किल्ली आत जात होती पण फिरत नव्हती. काका सोबत आले होते, कारण त्यांना पुढच्या गल्लीत काम होतं. काका म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने एजंट, कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. तिने घाम पुसत किल्ली त्यांच्या हातात दिली होती, "काका, जरा बघता का?" काकांनी दाराला खांदा लावला, किल्ली फिरवली, दार उघडलं आणि नवराबायकोला म्हणाले, "या, या, आत या." बस्स, एवढंच. नंतर भाव, घासाघीस, बँकेचे हेलपाटे, मालकाचे रुसवेफुगवे, सगळं तिने एकटीने निस्तरलं.

"गिऱ्हाइकाला घराचं दार जो उघडून देतो, त्याचा निम्मा वाटा," बाई म्हणाल्या. "पूर्वी एजंट एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायचे, मारामाऱ्या व्हायच्या. तेव्हापासून हा रिवाज. काकांनी संध्याकाळीच येऊन सांगितलं होतं."

संध्याकाळीच! आणि त्या दुपारी तिने काकांचे तीनदा आभार मानले होते, वर स्वतःच्या पैशाने चहाही पाजला होता. चष्म्याच्या दुकानात महिन्याला सोळा हजार मिळत होते. इथे आठ महिन्यांचे बारा झाले. लिफाफा पर्समध्ये कोंबून ती जिना उतरली.

काका खाली चहाच्या टपरीवर सापडले. ती तरातरा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काका, आयत्या बिळावर नागोबा ऐकलं होतं, आज बघितला."

काका रागावले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला. "चष्मेवाले, रिवाज मी नाही पाडला. मी नवा होतो तेव्हा माझ्या हातातूनही अशीच एकाने किल्ली घेतली होती."

"सांगायचं तरी होतंत!"

"सांगितलं असतं तर दिली असतीस?"

ती म्हणाली, "मला आईला आणायचंय काका. शनिवारी अनामत भरायचीय. तुमचे वीस आत्ता द्या. मी फेडीन, पुढच्या घराच्या वेळी तुमचं नाव लावीन, काय म्हणाल ते करीन." असं कुणापुढे पदर पसरायची तिला सवय नव्हती.

"नाहीत गं. माझा चेक सोमवारीच आला, पैसे वाण्याला आणि घरभाड्याला गेले."

"तुमचं घर भाड्याचं?"

"तीस वर्षं." ते हसले, पण हसू काही जमलं नाही. "मागच्या वर्षी मी एक घर विकलं. एकच. बाकी दारं उघडली."

ऑफिसात सगळ्यांत कमावता माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं तर तिने डोळे मिटून काकांकडे बोट दाखवलं असतं. ते चष्म्यासाठी दुकानात यायचे, तेव्हा त्यांच्याकडे बघूनच तर तिने दुकान सोडायचं ठरवलं होतं.

"मग नव्या माणसाने पहिल्या वर्षी कमवायचं तरी किती?"

"बुटांचे पैसे सुटले तर नशीब म्हणायचं," काका म्हणाले. "हे पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही. सांगितलं तर खुर्च्या रिकाम्या राहतील आणि भाडं कोण देणार?" मग चहाचे पैसे त्यांनीच दिले, तिचेही, आणि तिने ते देऊ दिले.

शनिवारी ती दादाकडे गेली. फोनवर सांगायची छाती झाली नाही. आईच्या तोंडावर सांगायचं, रडली तर जवळ असावं, एवढाच विचार होता. आई बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेला बसली होती. धुतलेलं पातळ, वेणी घातलेली, पायाशी पिशवी. दादा पेपर वाचत होता.

"काय मग," वहिनीने आतूनच विचारलं, "मोठ्या शेठाणीला किती मिळाले?"

"बारा," ती म्हणाली.

"लाख?"

"हजार."

दादाने पेपर खाली घेतला. वहिनी हात पुसत दारात आली. कुणी हसलं असतं तर परवडलं असतं, पण कुणीच हसलं नाही. तिने आईकडे न बघता एका दमात सांगून टाकलं, की जागा हातची गेली, अनामत जमली नाही, अजून चार-सहा महिने थांब, मी काहीतरी करते, हवं तर परत दुकानात जाते.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग उठली, पिशवी उचलली आणि चपला शोधू लागली.

"आई, अगं कळलं ना? खोली नाही मिळाली."

"कळलं. मी काय बहिरी आहे?"

"आपल्या एका खोलीत आधीच चौघं आहोत. तुला पाठ टेकायला जागा नाही."

आई जिन्यापर्यंत गेली होती. ती मागोमाग धावली. आईने मागे दाराकडे एकदा बघितलं, कुणी ऐकत नाही अशी खात्री केली आणि तिचं मनगट धरलं. बांगडी रुतेल इतकं घट्ट. फोनवर रोज "मी मजेत आहे" म्हणणारी हीच ती बाई, यावर तिचा विश्वास बसेना.

"मला उंबऱ्याबाहेर झोपव," आई दबक्या आवाजात म्हणाली, "बसमध्ये झोपव, पण इथे परत सोडू नकोस. पाया पडते तुझ्या."

बारा हजारांचा धक्का कुठल्या कुठे गेला. आठ महिने ती लोकांना घरं दाखवत हिंडत होती आणि आपल्या आईचं या घरात काय चाललंय, हे तिने एकदाही येऊन बघितलं नव्हतं. तिने आईच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला घेऊन जिना उतरू लागली. पिशवी अगदी हलकी होती. आईला फक्त इथून निघायचं होतं, तिने बरोबर काहीच घेतलं नव्हतं.