माझ्यावर कुंकू, देवाजीच्या डोक्यावर घमेलं

मी लेथ बोलतोय. लोखंड कातणारा, बोल्टाला आटे पाडणारा. दुर्गच्या एका शेडमध्ये तीन वर्षं उभा आहे आणि या तीन वर्षांत मी एक साधा बोल्टसुद्धा केलेला नाही. राग येणार नाही तर काय होईल?

१९५८ साली भिलाईचा कारखाना उभा राहत होता. आसपासची माणसं तिथं माती वाहत होती. त्यांच्या हाताला कसब यावं म्हणून विद्यापीठानं जवळच दुर्गला हे प्रशिक्षण केंद्र काढलं आणि मला आणलं. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. मलाही खरंच वाटलं हो!

मग नियम आला, प्रवेश फक्त मॅट्रिक पासला. अहो, मॅट्रिक झालेला माणूस ऑफिसात खुर्ची धरतो. तो ग्रीसमध्ये हात कशाला घालेल? वर्ग रिकामाच राहिला.

मला पुसायला मात्र संध्याकाळी देवाजी येई. भंडाऱ्याकडचा, दिवसभर भिलाईत घमेली वाहणारा. खंडेनवमीला केंद्राचे शामराव मास्तर माझ्यावर ओलं कुंकू थापत, हार घालत. त्या कुंकवाखाली गंज धरे. देवाजी तो रॉकेलनं काढी आणि पुटपुटे, "पूजा करून राहिले, चालवत कावून नाही?"

गेल्या पूजेला फोटोवाला आला. "देवाजी, चाकावर हात ठेव. काम करतोयस असं दिसू दे," मास्तर म्हणाले. मोटर बंदच होती.

फोटो झाल्यावर देवाजीनं हात जोडले. "मास्तर, सोमवारी कारखान्यात टर्नरची, लेथ चालवनाऱ्याची, टेस्ट हाय. चार दिवस मले चालवू द्या. पास झालो त घमेलं सुटते."

"मॅट्रिक आहेस का?"

"चौथी. पन याचा दात न् दात मले पाठ हाय."

"नियम मी नाही केला, बाबा." मास्तरांनी मेन स्विचच्या पेटीची किल्ली खिशात टाकली.

मंगळवारी देवाजी आला तो खाली बघतच. "टेस्टमंदी आटे पाडा मने. चालू मशीनवर पयल्यांदाच हात ठेवला, मास्तर. टूलच मोडलं." मी जागच्या जागी चडफडलो. मला ओरडता आलं असतं तर शेडचे पत्रे उडाले असते.

पुढे विद्यापीठाचा अहवाल आला. त्यात देवाजीचा फोटो. "काय लिवलं हाय?" त्यानं विचारलं. मास्तरांनी चाचरत वाचलं, "ग्रामीण कारागीर प्रशिक्षण घेताना."

देवाजीनं तेलाची बुधली खाली ठेवली. हात पुसले आणि गेला. परत आला नाही.

आता माझं चाक गंजून घट्ट बसलंय. विद्वानांनो, खंडेनवमी जवळ आली आहे. यंदा हार आणू नका, कुंकू तर मुळीच नको. तुमच्यातला कुणीतरी भिलाईत जा, माती वाहणाऱ्यांत देवाजीला शोधा आणि ती किल्ली त्याच्या हातात द्या. तुमच्या फोटोत त्याचा हात माझ्यावर आहे. तेवढा तरी खरा करा.