माझ्या चिठ्ठीवरचे एकच नाव

मित्रांनो, मी दौंडच्या एका लहान वाचनालयातले जुने इंग्रजी पुस्तक आहे. इनामगावच्या उत्खननावर आलेला एक परदेशी विद्यार्थी १९७३ साली परतीची गाडी पकडण्यापूर्वी मला इथे देऊन गेला. चीनच्या दरबाराने १८७२ पासून एकशेवीस मुलगे अमेरिकेत शिकायला पाठवले, त्यांची हकीकत माझ्यात आहे. मुलगे हुशार निघाले, विद्यापीठांपर्यंत पोचले आणि स्वतःचे डोके वापरू लागले. हा गुन्हा उघडकीस येताच १८८१ साली त्यांना परत बोलावण्यात आले. बहुतेकांचे शिक्षण अर्धेच राहिले.

माझ्या मुखपृष्ठावर वेण्या घातलेले ते मुलगे उभे आहेत. चित्र सर्वांनी पाहिले; वाचले एकीनेच. राहूच्या बौद्धवस्तीतली नकुशी एम.एस्सी. झाली होती. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने तिला शिष्यवृत्ती दिली होती. पासपोर्टसाठीची पोलीस चौकशी तेवढी बाकी होती.

१९७५ साली आणीबाणी आली आणि हवालदार पोपटराव आक्षेपार्ह पुस्तके जप्त करायला आले. नकुशी तेव्हा मेजाशी वर्तमानपत्र वाचत होती. तिच्या चौकशीचा कागदही त्यांच्याकडेच होता.

त्यांनी मला उचलले. “ह्या पोरी हायत का पोरं?”

“पोरं, साहेब,” ग्रंथपाल चांगदेव म्हणाले. “चीनची. अमेरिकेत शिकायला गेल्याली. मंग सरकारनं माघारी बोलावली.”

“का?”

“लई शिकली म्हणून.”

“बराबर केलं. चीनचं हाय म्हंजी जप्त. कुणी नेलं हुतं हे?”

नेणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी माझ्या शेवटच्या पानावर डकवलेली आहे. पोपटराव खिशात पेन शोधू लागले, तसे चांगदेवांचे नख चिठ्ठीच्या कोपऱ्याखाली शिरले. ती फाटली, तर पुरावा नष्ट केला म्हणून तेच आत जाणार; आणि आत गेलेला कधी सुटेल, हे त्या दिवसांत कोणी सांगत नव्हते. राहिली, तर नकुशीचा पासपोर्ट गेला.

“मामा, फाडू नका.” नकुशी उठली. “मी नेलं होतं, हवालदारसाहेब. दोनदा. नाव लिहून घ्या.”

त्यांनी लिहून घेतले. त्यांचे अक्षर सुंदर होते.

पासपोर्ट आला नाही. विद्यापीठाने एक सत्र वाट पाहिली आणि जागा दुसऱ्याला दिली.

मला मात्र पोलीस ठाण्यात उत्तम सांभाळले. दोरा, लाख, शिक्का. दोन वर्षांत वाळवीसुद्धा शिवली नाही. १९७७ साली मी सुटून परत आले, तेव्हा नकुशी राहूच्या शाळेत विज्ञान शिकवत होती.

मित्रांनो, पुस्तके जपा, एवढेच सांगून मी तुम्हाला सोडणार नाही. चिठ्ठीवर तिच्या नावाखालची जागा अजून कोरी आहे. मला घरी न्या, आणि तिथे स्वतःचे पूर्ण नाव लिहा, हवालदारालाही वाचता येईल अशा अक्षरात.