केळ्याने पेटवलेला दिवा

ताकोराडी बंदरातल्या मासळीबाजारामागच्या शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्यांच्या माना टेबलाकडे. टेबलावर भलामोठा टॅब, त्यावर विझलेल्या दिव्याचं चित्र.

"उजव्या बोटाला तेल लावा!" स्वतःला देवाचे दूत म्हणवणारे प्रॉफेट आमिसा गरजले. "डावा हात लावाल तर देव तोंड फिरवेल! हां, टेकव बोट! एक! दोन! अगं, श्रद्धा ओत थोडी! सहा! सात!"

समोरच्या बाईच्या बोटाखाली भप्पकन दिवा पेटला. बायका रडायलाच लागल्या.

"रोग गेला! गोळ्या फेका!" प्रॉफेटने टॅबच्या कोपऱ्यात बोट लावून दिवा विझवला आणि पुढच्या बाईला बोलावलं.

मागे एबो उभा होता. तो दिवा त्यानेच बनवून दिला होता. सातव्यांदा बोट लागलं की पेटव, एवढंच प्रॉफेट बोलले होते. कशाला, ते एबोने विचारलं नाही. विचारलं नाही, कारण कळलं होतं. आणि केळी भाजून विकून ज्या मावशीने त्याला शिकवलं, त्या अराबामावशीने महिन्यापूर्वी हाच दिवा पेटवून रक्तदाबाच्या गोळ्या समुद्रात टाकल्या. काल ती शेगडीशेजारीच कोसळली. आज पुन्हा रांगेत, डोक्यावर टोपली.

"मावशी, दवाखान्यात चल."

"गप रे! माझीच श्रद्धा कमी पडली. आज नीट पेटवते."

एबोने टोपलीतलं भाजायला सोललेलं केळं उचललं, डाव्या हातात धरलं आणि तडक टेबल गाठलं.

"शी! डावा हात!" सगळी शेड ओरडली.

केळ्याचं टोक सात वेळा टेकलं. दिवा भप्प!

"या केळ्याला कुठला रोग होता, प्रॉफेट?"

"सैतान शिरलाय याच्यात!"

"सैतान नाही, मीच आहे. चित्राला काही टेकलं की मी लिहिलेली प्रोग्रॅमची ओळ जागी होते. सहापर्यंत मोजते, सातव्याला पेटलेलं चित्र दाखवते. तिला बोट कळत नाही, केळं कळत नाही. रोग कुठला कळायला!"

एका म्हाताऱ्या कोळ्याने दिवा विझवून कोपराने पेटवला. हशा पिकला. प्रॉफेट मागच्या दाराने पसार.

मावशी हसली नाही. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मी गोळ्या टाकल्या तेव्हा?"

"तेव्हाही."

तिने टोपली काढून त्याच्या डोक्यावर आदळली. "चल. आधी दवाखाना. मग तुला बघते."

टोपली हलकीच होती, पण एबोची मान काही वर झाली नाही.

बाबांनो, असा दिवा पेटला तर हात जोडण्याआधी एकदा केळं लावून बघा. डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. आणि दिवा बनवणाऱ्यांनो, कशाला, एवढं तरी विचारत जा.